खाकरण्याला दंड लावण्याआधी : आमच्या सोसायटीच्या समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
आमची सहकारी गृहनिर्माण संस्था, लालबाग, मुंबई

विषय : ‘दैनंदिन आवाज नियंत्रण नियमावली’चा मसुदा

स. न. वि. वि.

नोटीस बोर्डावर लावलेला आणि ग्रुपवर टाकलेला मसुदा वाचला. कलम चार पुन्हा वाचावं लागलं. ‘बाथरूम व बेसिनपाशी अनावश्यक मोठ्याने खाकरणे’, दंड पाचशे रुपये. आवश्यक खाकरणं कुठलं आणि अनावश्यक कुठलं, याचा निवाडा कोण करणार आहे? वॉचमन? बाकीच्या कलमांत खुर्च्या ओढणं आहे, रात्री मिक्सर लावणं आहे, लॉबीत फोनवर बोलणं आहे आणि ‘घरकामगारांनी भांडी आपटणे’ असं एक स्वतंत्र कलम आहे. पुरावा म्हणून तक्रारदाराने मोबाईलच्या ॲपवरचं डेसिबलचं रीडिंग जोडायचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. तक्रार करणाऱ्यांची टिंगल करायला मी हे लिहीत नाही. ग्रुपवर ‘एवढा त्रास होतो तर बंगला घ्या’ असं ज्यांनी लिहिलं, त्यांच्या बाजूची मी मुळीच नाही. दुसऱ्याच्या आवाजाने डोकं उठतं म्हणजे काय होतं, हे मला पुरतं ठाऊक आहे. गोरेगावच्या एका स्टुडिओत मी डबिंगचे ट्रॅक साफ करते. कलाकार वाक्य सुरू करायला ओठ उघडतो तेव्हा एक बारीकसा ‘चप’ येतो. जीभ टाळूपासून सुटते तेव्हा दुसरा. मग आवंढा, मग नाकातून ओढलेला श्वास. प्रेक्षकाला यातलं काही ऐकू येऊ नये म्हणून मी हेडफोन लावून दिवसभर तेच ऐकते आणि एकेक कापून काढते. हे आवाज इतके हलके असतात की तुमच्या त्या ॲपवरचा काटा हलणारसुद्धा नाही. तरी त्या खोलीत एखादा नवा मुलगा कामाला बसवला की तासाभरात तो हेडफोन काढून बाहेर चहाला पळतो.

सांगायचं ते हे की, आपल्या बिल्डिंगमधलं भांडण डेसिबलचं नाहीच, आणि तुमचा मसुदा अथपासून इतिपर्यंत डेसिबलवर उभा आहे.

कायद्यातला आकडा तुम्ही बरोबर उतरवला आहे. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण हे नियम लाउडस्पीकर, फटाके, हॉर्न, बांधकामाची यंत्रं अशा गोष्टींसाठी केलेले आहेत. साधं समोरासमोरचं बोलणं ६० च्या आसपास जातं. उद्या दुपारी एखाद्या घरात दोन बहिणी मनमोकळ्या हसल्या तर आकड्यानुसार त्याच गुन्हेगार. उलट वरच्या मजल्यावर मूल धावतं तेव्हा येणारी धपधप खर्जातली असते. अशी ॲप्स बहुधा ‘ए’ वेटिंग नावाच्या पद्धतीने मोजतात, आणि त्या हिशोबात खर्जातले आवाज कमी धरले जातात. शिवाय मोबाईलचा माईक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला, तो कॅलिब्रेट केलेला, म्हणजे प्रमाणित मापाशी ताडून घेतलेला, नसतो. म्हणजे ज्याची छाती त्या धपधपीने दणाणते, त्याच्याकडे पुरावा नाही. आणि ज्याच्याकडे पुरावा आहे, त्याची तक्रार हसण्याबद्दलची.

मग चीड येते ती कशाची? डक्टचं उदाहरण घेऊ, कारण तुमचं कलम चार तिथूनच जन्माला आलं आहे हे मला माहीत आहे. आपल्या सगळ्यांची बाथरूमं एकाच डक्टमध्ये उघडतात. पहाटे सहाच्या आत कुणीतरी दात घासताना घशात बोट घालून असं काही ओकारी काढतं की ऐकणाऱ्याचं आतडं पिळवटतं. आवाज त्या उभ्या बोगद्यात वर-खाली आपटत राहतो, त्यामुळे तो सातव्या मजल्यावरचा की सतराव्या, हे कळत नाही. कळत नाही म्हणून कुणाला सांगता येत नाही. तो उद्या पुन्हा येणार हे पक्कं, पण नेमका कधी ते ठाऊक नाही. आपण उठायच्या आधीच कान टवकारून त्याची वाट बघायला लागतो. त्रासातला मोठा भाग या वाट बघण्याचा आहे.

हे माझं नुसतं मत नाही. १९७२ साली अमेरिकेत डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी शहरी गोंगाटावरचे आपले प्रयोग एकत्र प्रसिद्ध केले. लोकांना काम करताना मध्येच कर्कश आवाज ऐकवायचा. एका गटाला एक बटण दिलं होतं, अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. आवाज दोन्ही गटांना तेवढाच. बटण असलेल्यांनी बहुतेक ते दाबलंच नाही. तरीही नंतर दिलेल्या कामांत ते जास्त वेळ टिकले, चुकाही कमी केल्या. ठरावीक अंतराने येणाऱ्या आवाजापेक्षा अवचित येणारा आवाज माणसाला जास्त खिळखिळं करतो, हेही त्याच प्रयोगांत दिसलं. समितीने हे बटण नीट लक्षात ठेवावं. पत्राच्या शेवटी मी तेच मागणार आहे.

लॉबीतल्या फोनचंही तसंच. दोन बायका लिफ्टपाशी गप्पा मारत उभ्या असतील तर आपण त्यांच्या बाजूने निघून जातो, पण एकटा माणूस फोनवर ‘हां... नाही नाही... मग तो काय म्हणाला?... अरे देवा’ करत असेल तर पाय अडखळतो आणि वैताग येतो. २०१० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं. संभाषणाची एकच बाजू कानावर पडली की दुसरी बाजू काय असेल याचा अंदाज मेंदू बांधत बसतो आणि हातातल्या कामावरचं लक्ष उडतं. दोन्ही बाजू ऐकू आल्या तर तसं होत नाही. बेस्टने २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय व्हिडिओ लावायला आणि फोनवर मोठ्याने बोलायला बंदी केली, ती मला योग्यच वाटते. बसमधून उडी मारता येत नाही. लॉबीतून घरात जाता येतं.

आता चाळीचा विषय. मागच्या मीटिंगमध्ये एका ज्येष्ठ सभासदांनी उठून सांगितलं की चाळीत यापेक्षा दसपट आवाज होता आणि कुणाची तक्रार नव्हती, ही टॉवरची थेरं आहेत. टाळ्या पडल्या. अर्धं खरं आहे. दहा बाय बाराच्या खोलीत, मधल्या लाकडी पार्टिशनपलीकडे कोण घोरतंय, कोणाचा स्टोव्ह भरभरतोय, कोणाच्या घरी खलबत्ता चालू आहे, हे सगळ्यांना माहीत असायचं. आवाजाला नाव होतं. आणि गिरणीचा भोंगा तर सगळ्या वस्तीवर पसरायचा. त्यावर झोपमोडीची तक्रार कोण करणार? भोंगा म्हणजे पाळी, पाळी म्हणजे पगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाल्यावर भोंगे थांबले, तेव्हाची शांतता कशी अंगावर आली ते आपल्याच बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्या शांततेत चूल पेटत नव्हती.

पण उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही. चाळीत सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, हे मला कृपा करून सांगू नका. नळावरची भांडणं कुठे गेली? आणि तक्रार नव्हती म्हणजे काय, तर तक्रार करायची सोय नव्हती. सासरे बशीतून चहाचे भुरके मारतायत आणि सुनेच्या अंगावर काटा येतोय, तर ती कोणाला सांगणार होती? सासऱ्यांचं ते खाकरणंसुद्धा, जे आज तुम्ही पाचशे रुपयांत बसवलं आहे, एके काळी रीत होती. पुरुषमाणूस दारातून आत यायच्या आधी खाकरायचा, म्हणजे आतल्या बायका पदर सावरून घेतील. तोच घसा, तोच आवाज. तेव्हा ती मर्यादा होती, आता ती कलम चार आहे.

कोणाच्या आवाजाबद्दल बोलायची कोणाला मुभा आहे, हा प्रश्न अजून संपलेला नाही. तुमचं ‘घरकामगार’ कलम वाचताना तो सरळ समोर आला. भांडी आपटतात ती फक्त कामवाल्या मावशी? आमच्याकडे रविवारी भांडी मी घासते. सिंक तेच, टोप तेच, आवाज तोच. माझ्यासाठी वेगळं कलम नाही. दंड मावशींच्या पगारातून कापला जाईल हे न लिहिता सगळ्यांना समजलं आहे. हे कलम काढून टाकावं. यावर चर्चासुद्धा नको.

याच संदर्भात समितीच्या स्वतःच्या आवाजांचंही बघा. गणपतीत पोडियमवर स्पीकर लागतो तेव्हा माझ्या खिडकीच्या काचा थरथरतात. रात्री दहाचा नियम घड्याळ मागे करून पाळला जातो, असं मी म्हणत नाही, पण दहाचे साडेदहा होतात. एकही लेखी तक्रार नाही. ढोल आपला, गणपती आपला, तिथे आपल्याला मजा वाटते. हॉर्नचंही तेच. काही सिग्नलना डेसिबल मीटर जोडल्याचं मुंबई पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं होतं. हॉर्नचा गोंगाट ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. गाडीतल्या प्रत्येकाला खात्री की हॉर्न मागचा वाजवतोय.

आता जरा गंभीर. आपल्या बिल्डिंगमध्ये एक शाळकरी मुलगा आहे. कोणता, ते सांगणार नाही, त्याच्या आईने विश्वासाने सांगितलं आहे. वर्षभरापासून तो घरच्यांबरोबर ताटावर बसत नाही. वडील पापड खातात तेव्हा त्याचा चेहरा लाल होतो, मुठी वळतात. एकदा तो पान अर्धं टाकून गॅलरीत गेला आणि कानात बोटं घालून उभा राहिला. घरात आधी ‘नखरे’ झाले, मग ‘मोबाईलचा परिणाम’ झाला, मग कानाचे डॉक्टर झाले. कान उत्तम आहेत.

या प्रकाराला मिसोफोनिया म्हणतात. पावेल आणि मार्गारेट यास्त्रेबॉफ या दांपत्याने २००१ मध्ये हे नाव दिलं. खाणं, चावणं, गिळणं, श्वास, नाक ओढणं, पेनचं बटण टिकटिकवणं असे माणसाचे बारीक आवाज ऐकले की काहींना नुसता वैताग येत नाही, थेट संताप येतो, किळस येते, तिथून पळून जावंसं वाटतं. बहुतेकदा हे वयात येण्याच्या सुमारास सुरू होतं आणि बऱ्याचदा घरच्याच माणसाच्या आवाजापासून. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात सुखबिंदर कुमार आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अशा लोकांच्या मेंदूचे स्कॅन काढले. पावसाचा आवाज, बाळाचं रडणं आणि कुणीतरी खात असल्याचा आवाज, असे तीन तऱ्हेचे आवाज ऐकवले. पहिल्या दोन प्रकारांत मिसोफोनिया असलेले आणि नसलेले यांत विशेष फरक नव्हता. खाण्याच्या आवाजाला मात्र मेंदूतला इन्शुला नावाचा भाग त्यांच्यात जोरात पेटला, हृदयाचे ठोके वाढले, तळहाताला घाम आला. २०२१ मध्ये याच गटाने आणखी पुढची गोष्ट दाखवली. ऐकण्याचा भाग आणि स्वतःचं तोंड, जबडा, घसा हलवण्याचा भाग यांच्यातलं दळणवळण या लोकांमध्ये जास्त घट्ट असतं. समोरचा चावतोय आणि घास जणू आपल्या तोंडात कुणी कोंबतंय, असं ते होत असावं. काही जण समोरच्याची नक्कल करतात, त्याच्याबरोबर तसंच चावायला लागतात, आणि त्यांना बरं वाटतं. मुलगा चिडवतोय म्हणून घरच्यांनी थोबाडीत देण्याआधी हे ऐकून ठेवावं.

हे दुर्मीळ आहे असंही नाही. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या एका पाहणीत सुमारे १८ टक्के लोकांना रोजच्या जगण्यात अडचण व्हावी इतका त्रास आढळला. तिकडचा आकडा लालबागला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण इतक्या घरांच्या बिल्डिंगमध्ये तो मुलगा एकटाच असेल, असं मानायला मी तयार नाही. त्याच्यावर इलाज म्हणून वडिलांना पापडाचा दंड लावणार का? आणि तो तक्रार करायला समितीच्या ऑफिसात येईल, असं तुम्हाला वाटतं?

माझ्या धंद्यातली एक गंमत सांगते, ती इथे उपयोगी आहे. सिनेमात हाड मोडल्याचा आवाज आम्ही भाजीचा कडक दांडा मोडून काढतो. डोळ्यांनी हात मुरगळलेला दिसतो, कानाला ‘कडाक्’ येतं, प्रेक्षक कळवळतो. तोच आवाज स्वयंपाकघरात आला तर कुणी मान वर करत नाही. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये याच्या उलट प्रयोग केला. नको वाटणारे आवाज दुसऱ्याच, निरुपद्रवी दृश्याला चिकटवून दाखवले. आवाज दृश्याशी जुळत होता, त्यामुळे तो तिथूनच येतोय असं वाटायचं. लोकांना तोच आवाज कमी झोंबला. कानात शिरतं ते एक आणि मन त्याला कोण समजतं ते दुसरं. वरच्या मजल्यावर रात्री साडेअकराला खुर्ची घासत गेली, तर ‘मुद्दाम करतात’ हे वाक्य खुर्चीपेक्षा जास्त खरवडतं. तिथे एक नर्स दुसऱ्या पाळीहून येऊन जेवायला बसते, हे माहीत झाल्यावर खालच्यांची झोप काही सुधारली नाही, पण काठीने छत ठोकणं थांबलं. हे आपल्याच बी विंगमध्ये झालं आहे.

म्हणून दंडाच्या ऐवजी मी पुढचं मागते आहे.

खुर्च्यांचा बंदोबस्त आधी करा, कारण तो सगळ्यात सोपा आहे. वरच्यांची फरशी आणि आपलं छत ही एकच वस्तू आहे, मध्ये पाच-सहा इंच काँक्रीट. खुर्ची घासली, मिक्सर थेट ओट्यावर ठेवून फिरवला, खलबत्त्यात कुटलं, की कंपन स्लॅबमधून सरळ खाली उतरतं. खिडक्या लावून किंवा कानात कापूस घालून ते अडत नाही. जिथे जन्मतं तिथेच अडवावं लागतं. खुर्चीच्या पायांना फेल्टचे किंवा रबराचे बूट, मिक्सरखाली जाड घडी घातलेला कपडा. सोसायटीने घाऊक आणून घरोघरी वाटले तर एका महिन्याच्या दिवाळी लाइटिंगपेक्षा खर्च कमी येईल. मी स्वतः लावून द्यायला येईन. ड्रिलिंगला वेळ आहेच, पण आदल्या दिवशी लिफ्टमध्ये चिठ्ठी हवी : कुठल्या घरात, किती ते किती, आणि मिस्त्रीचा नंबर. नंबर महत्त्वाचा. बहुतेक जण फोन करणार नाहीत. करता येतो एवढंच त्यांना पुरेल. हेच ते बटण.

डक्टच्या बाबतीत बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या पहाटे बंद ठेवा, एवढी विनंती पत्रकात पुरे. ओकारी काढणाऱ्या काकांना शोधू नका. शोधलंत तर त्यांचं पित्त आणखी वाढेल.

आणि तक्रारीसाठी ग्रुप नको. ग्रुपवर पडलेली तक्रार दहा मिनिटांत जाहीर पंचनामा होते, त्यात शंभर अंगठे पडतात आणि ज्याच्याबद्दल ती आहे तो दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये खाली मान घालून उभा राहतो. दर विंगला दोन माणसं नेमा, त्यातली एक बाई असावी. ती वर जाऊन बेल वाजवतील, चहा घेतील, सांगतील. ज्या घरात लहान बाळ आहे, आजारी माणूस आहे, परीक्षा आहे, रात्रपाळी आहे, त्या घराची बाजूही तीच खाली पोचवतील. त्या मुलासारखा कोणी असेल तर त्याच्या घरच्यांशी बोलायला मी तयार आहे. निदान ‘नखरे’ हा शब्द त्या घरातून जाईल.

पोडियमवरचा स्पीकर यंदा दहाला बंद होईल, हे समितीने आधी लिहून द्यावं. मग आमच्या मिक्सरबद्दल बोलू.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, म्हणजे अजून वेळ आहे. मसुदा मागे घेऊन वरच्या सूचना सभेच्या विषयपत्रिकेवर स्वतंत्र क्रमांकाने घ्याव्यात, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात ढकलू नयेत. त्या विषयापर्यंत समोसे आलेले असतात आणि कोरम उठून गेलेला असतो.

कळावे,

आपली विश्वासू,
बी विंगमधली एक सभासद